सशाचा कान

रुएडीचं कानातलं मशीन चॉकलेटच्या पातेल्यात पडलं, तेव्हा ओतिलीबाई पाहुण्यांना सांगत होत्या की या धंद्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्वच्छता.

दोष टोपीचा होता. डोंगरावरच्या ओबरलाउई गावात ओतिलीबाईंचा चॉकलेटचा छोटा कारखाना होता, आणि तिथे शिरायचं तर डोक्यावर जाळीची टोपी घालावीच लागते. जन्मभर बुर्गडॉर्फमध्ये लोकांचे केस कापणाऱ्या रुएडीच्या स्वतःच्या डोक्यावर आता गळण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण नियम म्हणजे नियम. टोपीचं इलॅस्टिक कानामागे रुतायला लागलं म्हणून त्याने ते बोटाने जरा ओढलं. ते निसटलं, फटकन जागेवर बसलं आणि त्याच्या उजव्या कानातून घेवड्याच्या दाण्याएवढं काहीतरी उडून समोरच्या पातेल्यात गेलं. तिथे एक खळगा पडला. मग तोही मिटला.

त्याबरोबर आवाज बंद झाले. डावा कान रुएडीने केव्हाच सोडून दिला होता. उजव्याचं मशीन गेलं की त्याला शब्दांची फक्त शेपटं ऐकू येत, तीही बोलणारा अगदी जवळ असेल तर. ओतिलीबाईंचे ओठ हलत होते. शेजारी थूनहून आलेल्या योडेल मंडळातल्या बायका कशाला तरी हसत होत्या. दिवसभर डोंगरावर गळे मोकळे करून गाणाऱ्या त्या बायका हसल्या की खिडक्यांच्या काचा हलत असणार, पण रुएडीला ते हसणं कुठे लांबच्या दरीत चालल्यासारखं वाटलं.

त्याने सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

त्याचं असं होतं, की हे तिसरं मशीन होतं. पहिलं अंघोळीच्या पाण्याबरोबर मोरीत गेलं. दुसरं शेजाऱ्यांच्या कुत्र्याने गिळलं, आणि पुढचे काही दिवस रुएडी हातात काडी घेऊन त्या कुत्र्याच्या मागे मागे फिरत होता. तिसरं घेऊन देताना त्याची मुलगी आनेग्रेट म्हणाली होती, "बाबा, हे जर हरवलंस ना, तर मी समजेन की आता तुम्हा दोघांना तिकडे एकटं ठेवण्यात अर्थ नाही." ती हसत हसत म्हणाली होती, पण आनेग्रेट हसत म्हणते तेव्हाच खरं बोलते, हे त्याला माहीत होतं.

तेवढ्यात ओतिलीबाईंनी त्याच पातेल्यात पळी बुडवली.

ईस्टर तोंडावर आलेला होता. त्या दिवसांत ओबरलाउईत जो पाहुणा येतो त्याला आपल्या हाताने चॉकलेटचा ससा करू देतात. पत्र्याच्या साच्यात चॉकलेट ओतायचं, साचा गोल गोल फिरवायचा, मग उलटा करून जास्तीचं चॉकलेट पुन्हा पातेल्यात काढून टाकायचं. आत पोकळ, बाहेर ससा. ओतिलीबाई पळीमागून पळी ओतत गेल्या, बायका साचे फिरवत गेल्या आणि ओतिलीबाईंचा भाऊ सेव्हेरीन ते साचे उचलून थंड खोलीत नेऊन ठेवत गेला.

"मी ढवळतो," रुएडी म्हणाला आणि ओतिलीबाईंच्या हातातून पळी जवळजवळ हिसकावूनच घेतली.

त्याने पातेल्याचा तळ खरवडला. कडा खरवडल्या. पळी वर काढून निरखली. काही नाही.

"बघा, याला म्हणतात आवड," ओतिलीबाई इतरांना म्हणाल्या. रुएडीला ते ऐकू आलं नाही. त्याला एवढंच कळलं की मशीन आता एखाद्या सशात आहे.

ससे गार होईपर्यंत पाहुण्यांनी पुढच्या खोलीत कॉफी घ्यायची, असा तिथला शिरस्ता. रुएडीच्या बायकोने, व्रेनीने, खिडकीजवळचं छोटं टेबल निवडलं. गेल्या काही आठवड्यांपासून ती ओबरलाउईला जायचं म्हणून मागे लागली होती. का, ते रुएडीने विचारलं नव्हतं. लग्नाला येत्या मे महिन्यात पन्नास वर्षं होणार होती, त्याचंच काहीतरी असेल, असं त्याने धरलं होतं. तिने कॉफीत साखर घातली, मग आठवलं की आपण साखर घेत नाही, आणि कप बाजूला सारला.

"रुएडी, तुझ्याशी बोलायचं होतं," ती म्हणाली. "आनेग्रेटने आपल्यासाठी एक जागा बघितलीये. विंटरथुरला, तिच्या घराजवळच. म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलीये मुद्दाम."

रुएडीपर्यंत आलं ते एवढंच: "...जागा बघितलीये... मुद्दाम." तो हसला आणि मान हलवली.

व्रेनीने त्याच्याकडे जरा चमकून बघितलं. मग घाईघाईने पुढे म्हणाली, "वाईट नाहीये रे. लिफ्ट आहे. खाली बाग आहे. जेवण करायचा कंटाळा आला तर खालच्या हॉलमध्ये मिळतं."

लिफ्ट, बाग, जेवण. रुएडीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हॉटेल. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला बायको त्याला हॉटेलात नेणार होती, आणि हे सांगायच्या गडबडीत बिचारीने कॉफीत साखर घातली होती. त्याला एकदम भरून आलं.

"पोहायचा तलाव आहे का?" त्याने विचारलं.

"तलाव?" व्रेनी गोंधळली. "गरम पाण्यात व्यायाम करून घेतात म्हणे. गुडघ्यांसाठी."

"...गरम पाण्यात... गुडघ्यांसाठी." म्हणजे चांगल्यातलं हॉटेल दिसतंय. "मग उत्तमच. कधीपासून?"

"एक मे." तिचा आवाज इतका खाली गेला की रुएडीला तिच्या ओठांवर फक्त 'मे' दिसला. "लोक वर्षानुवर्षं नाव नोंदवून थांबतात म्हणाली. आपलं नशीब म्हणून..."

"मग थांबलीस कशाला? हो म्हणून सांगून टाक," रुएडी म्हणाला. "नाहीतर जागा जायची."

व्रेनीने चमचा खाली ठेवला. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि बघता बघता तिचे डोळे भरले. रुएडीने तिच्या हातावर थोपटलं. किती आनंद झालाय हिला, त्याच्या मनात आलं. आपण हिला पूर्वीच कुठेतरी न्यायला हवं होतं.

"मी जरा सशांकडे बघून येतो," तो म्हणाला आणि उठला.

व्रेनी कप घेऊन ओतिलीबाईंच्या गल्ल्यापाशी जाऊन उभी राहिली. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

"आम्ही घर सोडतोय," ती म्हणाली. "विंटरथुरला, म्हाताऱ्यांच्या त्या जागेत. तो लगेच हो म्हणाला."

"लगेच?" ओतिलीबाईंना कौतुक वाटलं. "आमच्या आईला मी नुसतं विचारलं तर तिने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला होता. नशीबवान आहात हो तुम्ही."

"हो ना," व्रेनी म्हणाली. तिचा चेहरा मात्र दाढ दुखत असलेल्या माणसासारखा झाला होता.

इकडे रुएडी थंड खोलीत शिरला होता. फळीवर साचे रांगेने उभे होते, प्रत्येकावर मालकिणीच्या नावाची चिठ्ठी. सेव्हेरीन आतले ससे एकेक करून सोडवत होता. हा सेव्हेरीन म्हणजे दारात मावणार नाही एवढा गडी, पण दिवसाकाठी बोलणार चार वाक्यं. रुएडीने त्याच्याकडे पाठ करून पहिला ससा उचलला आणि कानाशी नेऊन हलवला. आत काही खुळखुळतंय का, ते त्याला बघायचं होतं. दुसरा हलवला. तिसरा हलवला. चौथा हलवताना त्याच्या लक्षात आलं की एखाद्या सशाच्या पोटात घंटा वाजत असती, तरी ती आपल्याला ऐकू आली नसती.

त्याने ससा खाली ठेवला, सेव्हेरीनची बाही धरली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजला.

निदान आपण कुजबुजतोय अशी त्याची समजूत होती. मशीनशिवाय त्याला स्वतःचा आवाजही ऐकू येत नसे, त्यामुळे त्याची कुजबुज बुर्गडॉर्फच्या बाजारात भाव ओरडतात त्या पट्टीतली होती. थंड खोलीचं दार उघडं होतं. पुढच्या खोलीत योडेल मंडळाच्या बायकांनी आपले कप तोंडाशी नेता नेता थांबवले.

"माझं कानातलं मशीन तुमच्या एका सशात पडलंय," रुएडी कुजबुजला. "बायकोला कळू देऊ नका. तिला कळलं की मुलीला कळणार. मला मघापासून काही ऐकू येत नाहीये. ती बोलते आणि मी मान हलवतो. आत्ता कॉफी पिताना केवढं काय काय बोलली, कुठल्याशा हॉटेलाचं. मी आपलं हो हो म्हणत सुटलो."

पुढच्या खोलीत सगळ्यांच्या माना व्रेनीकडे वळल्या. ओतिलीबाईंनी हळूच तिच्यापुढची काचेची बरणी उचलून मागे ठेवली. बायको चिडली की काय फेकेल याचा नेम नसतो, हा त्यांचा घरचा अनुभव होता.

व्रेनी मात्र गल्ल्याला टेकली आणि हसायला लागली. आधी नुसते खांदे हलत होते, मग आवाज फुटला, मग तिला खुर्चीवर बसावं लागलं. "त्याला ऐकूच आलं नाही," ती डोळे पुसत पुन्हा पुन्हा म्हणत होती. "अहो, त्याला ऐकूच आलं नव्हतं."

रुएडी बाहेर आला तेव्हा सगळी खोली आपल्याकडेच बघतेय हे त्याला दिसलं. व्रेनी उठली, त्याच्याजवळ गेली, त्याच्या डोक्यावरची टोपी सरळ केली आणि त्याच्या उजव्या कानात म्हणाली, "कुजबुजायचं असलं की मला सांगत जा. मी कुजबुजेन तुझ्या वतीने."

मग शोध रीतसर सुरू झाला. योडेल मंडळाच्या म्होरक्या हुल्डाबाईंनी सूत्रं हातात घेतली. "हे मशीन कशात बंद झालं की शिटी मारतं," त्या म्हणाल्या. "आमच्या सासऱ्यांचं मारायचं. चला, आपापला ससा घ्या, कानाला लावा आणि कुणी श्वाससुद्धा घेऊ नका."

बायकांनी ससे कानाला लावले. ओतिलीबाईंनीही एक घेतला, सेव्हेरीननेही घेतला. रस्त्याने चाललेल्या पाद्र्यांनी खिडकीतून आत पाहिलं, आणि एवढी मोठी माणसं डोळे मिटून सशांचं ऐकत उभी आहेत हे बघून ते आपल्या वाटेने निघून गेले.

"माझा गातोय," शेवटी हुल्डाबाईच म्हणाल्या. त्यांनी मान तिरकी करून पुन्हा ऐकलं. "सूर जरा चढा आहे."

मशीन सशाच्या उजव्या कानात होतं. साच्यात चॉकलेट ओतलं तेव्हा ते घसरत टोकापर्यंत जाऊन तिथेच अडकलं होतं. ससा हुल्डाबाईंनी आपल्या नातीसाठी केला होता, पण त्यांनी क्षणभरही न थांबता त्याचा कान पिरगळला. कट्, असा आवाज झाला. ओतिलीबाईंनी तिथल्या तिथे त्यांना मांडणीतला मोठा ससा काढून दिला, आणि सेव्हेरीनने मशीन अडकलेलं ते तपकिरी टोक मोठ्या पंज्यात घेतलं.

आता इथे सेव्हेरीनच्या चांगुलपणाने घात केला. गारठ्यात चॉकलेट घट्ट होतं तोवर मशीन आत सुखरूप शिटी वाजवत होतं. सेव्हेरीनने त्यावर मायेने गरम गरम फुंकर घातली. चॉकलेट विरघळलं, आतल्या भोकांत उतरलं, आणि शिटी एकदा बारीक होऊन थांबली ती थांबलीच.

"सॉरी," सेव्हेरीन म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं ते बहुधा पहिलंच वाक्य होतं.

खालच्या गावाला जाणारी पिवळी बस यायला अवकाश होता. रुएडी आणि व्रेनी थांब्यापाशी, उन्हातल्या बाकावर जाऊन बसले. समोरच्या उतारावर बर्फ ठिकठिकाणी फाटलं होतं आणि खालचं गवत दिसत होतं.

"आता सांग," रुएडी म्हणाला. "काय होतं ते हॉटेलाचं?"

व्रेनीने एक हात त्याच्या खांद्यावरून टाकला आणि तोंड त्याच्या कानाशी नेलं. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटलं असेल, या वयातही काय माणसं आहेत.

"हॉटेल नव्हतं. विंटरथुरला घर आहे. म्हाताऱ्यांसाठीचं. आनेग्रेटने बघितलंय. जायचं म्हणजे कायमचं."

रुएडीने बुटाच्या टोकाने एक खडा बाजूला सारला.

"आणि मी हो म्हटलं?"

"म्हटलंस. वर म्हणालास, लवकर सांग, जागा जाईल."

व्रेनी आता त्याच्या हाताकडे बघत होती. त्याची मूठ वळेल आणि बाकावर आपटेल, म्हणून वाट बघत होती. पण रुएडीने हात मांडीवर तसेच ठेवले.

"मग हो तर हो," तो म्हणाला.

"काय?" आता ऐकू न येण्याची पाळी व्रेनीची होती.

"तू जिना चढतेस ना, ते मला ऐकू नाही आलं तरी दिसतं. मधल्या वळणावर थांबतेस, आणि कुंडीतल्या झाडाला बघितल्यासारखं करतेस. त्या कुंडीतलं झाड केव्हाच मेलंय, व्रेनी. मी रोज ठरवतो, आज विषय काढू. मग वाटतं, तुला ते घर सोडवणार नाही."

 व्रेनीने पुन्हा त्याच्या कानाशी तोंड नेलं, पण तिथे थोडा वेळ नुसताच श्वास आला.

"मला जायचं नाहीये रे," ती शेवटी म्हणाली.

"मग विचारलंस कशाला?"

"तू नाही म्हणशील म्हणून. मला वाटलं, तू चिडशील, ओरडशील, या घरातून मी आडवाच बाहेर पडेन म्हणशील. नेहमी म्हणतोस तसं. मग मी आनेग्रेटला सांगितलं असतं, बाई गं, तुझा बाबा ऐकत नाही, मी काय करू? आणि तू लगेच हो म्हणालास. वर तलाव आहे का विचारलंस. मला वाटलं, संपलं सगळं."

"म्हणजे मी आरडाओरडा करावा म्हणून तू मला डोंगर चढवून इथे आणलंस?"

"घरी केला असतास तर शेजाऱ्यांना ऐकू गेलं असतं."

 रुएडीचं पोट हलायला लागलं. तो हसला की पोटातूनच हसायचा. व्रेनी त्याच्या खांद्याला टेकून राहिली.

"पण तुझा गुडघा," तो म्हणाला.

"गुडघा आहे," तिने कबूल केलं.

 वरच्या कारखान्यातून भाजलेल्या कोकोचा वास येत होता. योडेल मंडळाने बाहेर पडता पडता गायला सुरुवात केली होती आणि रुएडीला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं.

"पलंग खाली आणू," तो एकदम म्हणाला. "दुकानात."

व्रेनीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. घराखालचं केस कापायचं दुकान बंद केल्यापासून त्याने तिथली एक खुर्चीसुद्धा कुणाला हलवू दिली नव्हती. कंगवे अजून जंतुनाशकाच्या निळ्या पाण्यात उभे होते. दर शनिवारी तो खाली जाऊन कुणीही न बसलेल्या खुर्च्या पुसून यायचा. व्रेनीने त्या दुकानाबद्दल कधी शब्द काढला नव्हता, आणि आत्ताही तिने काढला नसता.

"तुझ्या दुकानात?"

"जिना नाही. नळ आहे. शेगडी तर वरच्यापेक्षा चांगली तापते. खुर्च्या भिंतीला सारू. आणि आरसे आहेत की. तुला आरसे आवडतात."

"मला कुठे आवडतात आरसे?"

"मग पडदे लाव त्यांना."

बस येताना दिसली तेव्हा व्रेनीने आनेग्रेटला फोन लावला. आम्ही कुठेही जात नाही, दुकानात झोपणार आहोत, असं तिने सांगून टाकलं.

"दुकानात?" आनेग्रेट म्हणाली. "आई, हे बाबाचं डोकं आहे. त्याला फोन दे."

"देते, पण त्याला ऐकू येणार नाही."

"का? मशीन कुठंय?"

"सशाच्या कानात होतं. बाहेर काढलं तर बंद पडलं."

 मग आनेग्रेटने अगदी मऊ सुरात विचारलं, "आई, तुला बरं वाटतंय ना?"

ती लगेच पुढच्या गाडीने बुर्गडॉर्फला आली, ती आईला बघायला. आई ठणठणीत आहे आणि बाप आरशांच्या पडद्याचं कापड मापतोय हे बघितल्यावर तिने आधी जरा आवाज चढवला, मग बाह्या वर केल्या. पलंग तिने आणि तिच्या नवऱ्यानेच खाली आणला. चौथं मशीनही तिनेच आणलं, पण या खेपेला त्याला दोरी होती.

दुकानातली पहिली रात्र दोघांना बरी गेली. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड आत येत होता, पण उबदार होतं. सकाळी रुएडी पायजम्यातच उठला, सवयीने दिवा लावला, खुर्चीचं पेडल एकदा दाबून बघितलं.

दाराच्या काचेवर टकटक झाली.

बाहेर गॉटफ्रीड उभा होता, कोपऱ्यावरचा जुना पाववाला. त्याचे केस कानांवरून खाली कॉलरपर्यंत आले होते. रुएडीने दुकान बंद केल्यापासून तो दुसऱ्या कुणाकडे धड गेलाच नव्हता. रुएडीने दार जरासं उघडलं.

"दिवा दिसला," गॉटफ्रीड म्हणाला. "म्हटलं, चालू केलंस वाटतं पुन्हा."

रुएडीने मागे वळून पाहिलं. व्रेनी पलंगावर गळ्यापर्यंत दुलई ओढून बसली होती, आणि पडदे अजून शिवून व्हायचे होते म्हणून तीनही आरशांत एकेक व्रेनी बसली होती. गॉटफ्रीडने टोपी काढून त्या सगळ्यांना नमस्कार केला.

 रुएडी व्रेनीकडे बघत दाराची मूठ धरून उभा राहिला, पायजम्यात, आणि त्याचा दुसरा हात आपोआप खिशात कात्री चाचपत होता. पायजम्याला खिसा नव्हता.

"अहो, दार लावून घ्या, गार वारं येतंय," व्रेनी गॉटफ्रीडला म्हणाली. "आणि बसा. पण बूट पुसून."

दुपारपर्यंत पलंगाच्या कडेवर तिघे जण ओळीने पाळीची वाट बघत बसले होते. रुएडी कात्री चालवत होता आणि प्रत्येकाला सशाची गोष्ट पहिल्यापासून सांगत होता. आणि जिना चढायला नको म्हणून खाली राहायला आलेली व्रेनी, एवढ्या माणसांच्या कॉफीचं भांडं वरच्या स्वयंपाकघरातच असल्यामुळे, सकाळपासून तिसऱ्यांदा वर गेली होती.